मुंग्या न लागलेला डबा

मी तारलीचा डबा बोलतोय. दचकू नका. माझं झाकण केव्हाच उघडलं आहे, त्यामुळे आता पोटात काही ठेवायचं कारण उरलेलं नाही. जे पाहिलं ते सगळं सांगतो.

दिसायला मी साधाच. तळहातावर मावेन एवढा, कोपरे गोल, अंगावर निळा कागद आणि कागदावर एक होडी. होडीत माणूस नाही, जाळं नाही, मागे उगवता सूर्यसुद्धा नाही. चित्रकाराला घरी जायची घाई असावी.

माझा जन्म मासळी भरायच्या कारखान्यात झाला. लांबलचक हॉल, ओली फरशी, आणि पत्र्याच्या टेबलांशी उभ्या असलेल्या बायका. पायांत रबरी बूट, डोक्याला पांढऱ्या टोप्या. हात चालू आणि तोंडंही चालू. मला भरणारी बाई कामात असली की गुणगुणायची. एकीचं शेपूट इकडे, दुसरीचं तिकडे, अशा तिने माझ्यात तारल्या निजवल्या. घरी पाहुणे जास्त झाले की एका गादीवर मुलांना उलटसुलट निजवतात ना, अगदी तशा. वर ऑलिव्हचं तेल, जरासं मीठ, आणि झाकण.

मग आम्हा सगळ्यांना वाफेच्या खोलीत ढकललं. आत जाताना कच्चे होतो, बाहेर आलो ते शिजून. संकट सगळ्यांवर मिळून आलं की त्याचं फारसं काही वाटत नाही, हे मी तिथे शिकलो.

आमच्या शेजारच्या रांगेत माझे लाल भाऊ भरले जात होते. मासा तोच, बायका त्याच, पत्रासुद्धा तोच. फरक एवढाच, की त्यांच्यावर तेलाऐवजी टोमॅटोचा सॉस पडायचा. तो सॉस एका मोठ्या पातेल्यात रटरटत असायचा आणि एक माणूस त्यात पोत्यातून काहीतरी पांढरं ओतायचा. मी मीठ समजलो. आपल्याला जे ठाऊक असतं तेच आपण दुसऱ्यात बघतो.

दुकानात आलो तेव्हा लाल भावांना नजरेसमोरचा कप्पा मिळाला आणि मला सगळ्यात खालचा, फरशी पुसायच्या फडक्यांशेजारी. त्यात अन्याय काही नव्हता. त्यांचा कागदच तसा होता. चकचकीत लाल, त्यावर एक हृदय, एक हिरवं पान आणि एक पळणारा माणूस. तो मासा खाऊन पळतोय की मासा बघून पळतोय, हे मला अजून कळलेलं नाही.

खालच्या कप्प्यातून माणसांचे पाय दिसतात आणि वाकली तर चेहरे. मी पुष्कळ चेहरे पाहिले. एक गृहस्थ डबा कानाशी धरून हलवून बघायचे, जणू नारळात पाणी आहे का बघताहेत. एक मुलगी मांजरासाठी डबे न्यायची आणि मांजराला फोन करून विचारावं का, अशा विचारात पडायची. कोणी चित्र बघायचं, कोणी किंमत. डबा उलटा करून त्याची पाठ मात्र कोणी वाचायचं नाही. आमचं सगळं खरंखोटं तर पाठीवर लिहिलेलं असतं.

आणि एक दिवस त्या आल्या. हातात कापडी पिशवी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि ओठ हलत असलेले. नामस्मरण चाललं होतं की सामानाची उजळणी, ते सांगता येणार नाही. पुढे मला कळलं की त्यांच्या बाबतीत दोन्ही एकदमच चालू असतं.

दुकानदार ओळखीचे होते. "वहिनी, आज डब्यांकडे कुठे?"

"अहो, ह्यांची साखर वाढलीय. डॉक्टरांनी भात बंद, पाव बंद, बटाटे बंद केलेत. लो-कार्ब म्हणे. मासे खा, अंडी खा, पालेभाज्या खा. आता बस चालवणाऱ्या माणसाला दुपारी गरम मासा कोण देणार? म्हटलं डब्यातला तरी द्यावा टिफिनमध्ये."

"मग हा लाल घ्या. हृदय आहे त्यावर."

"हृदय आहे खरं."

"पान पण आहे."

"आणि हा पळतोयसुद्धा."

"बघा, एका डब्यात तीन-तीन गोष्टी. अजून काय पाहिजे?"

वहिनींनी कप्प्यावरचे सगळे लाल डबे पिशवीत घातले. तरी आठवड्याचा हिशेब जमेना, एक डबा कमी पडला. दुकानदारांनी वाकून मला उचललं, फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "भरतीला हा होडीवाला न्या. मासा तोच आहे."

असा मी भरतीचा म्हणून त्या घरात गेलो.

घर तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर लहान पण लखलखीत. एका कोनाड्यात देव आणि देवापुढे समई. खिडकीखाली रस्ता. माझं कपाट खिडकीच्या समोर, आणि त्याचं दार कधीच पूर्ण लागायचं नाही. त्या फटीचे माझ्यावर फार उपकार आहेत. तिच्यातूनच मी हे सगळं पाहिलं. सगळ्यात वरच्या फळीवर साखरेची बरणी होती, घट्ट झाकण लावून, वाळीत टाकल्यासारखी.

घरात माणसं दोनच. वहिनी आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळी इमारत ड्रायव्हरसाहेब म्हणते. त्यांची बस रोज सकाळी ह्याच खिडकीखालून जायची. कोपऱ्यावर वळताना ते हॉर्न एकदा हळूच वाजवायचे. वहिनी तोवर समई लावून खिडकीत आलेल्या असायच्या. हॉर्न ऐकला की हात जोडायच्या. "सगळे उतारू सुखरूप जागेवर पोहोचू देत," असं रोज म्हणायच्या. उतारूंना ह्याचा पत्ताही नसेल. पण मला वाटतं, त्या बसमध्ये बसणाऱ्यांचं नशीब बरं होतं.

आता ते नशीबच पणाला लागलं होतं. बस कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की ह्या तिमाहीच्या शेवटच्या तपासणीपर्यंत साखर खाली आली नाही, तर स्टिअरिंग सुटेल. मग डेपोतल्या एका खिडकीवर बसायचं आणि लोकांच्या बसमध्ये विसरलेल्या वस्तू परत करायच्या.

"मी छत्र्या वाटत बसू?" ड्रायव्हरसाहेब पहिल्या रात्री जेवताना म्हणाले होते. "इतकी वर्षं लोकांना घरी पोहोचवलं, आता त्यांच्या छत्र्या पोहोचवू?"

जेवण झाल्यावर वहिनी देवापुढे बसल्या आणि त्यांनी नेम धरला. ह्यांची साखर उतरेपर्यंत मासळी तोंडाला लावणार नाही. ह्यात केवढा त्याग होता ते तुम्हाला सांगायला हवं. वहिनींना मासळी जीव की प्राण. साधा वास आला तरी त्यांचा चेहरा उजळायचा. देवाला द्यायचं तर नको असलेलं कसं द्यायचं, असा त्यांचा हिशेब. मला तो पटला. फक्त त्या नेमात एक बारीकशी गोम होती, ती तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही. देवाच्या आली असेल, पण तो लगेच सांगत नाही.

गोम अशी, की वहिनी आता मासळी चाखू शकत नव्हत्या. रोज सकाळी एक लाल भाऊ उघडला जायचा, टिफिनमध्ये ओतला जायचा, बाजूला काकडी, उकडलेलं अंडं, कोबी. वहिनी मीठ बघायच्या कोबीचं. माशाला बोटही लावायच्या नाहीत. संध्याकाळी टिफिन परत यायचा तो चाटूनपुसून लख्ख.

"आवडलं?" वहिनी विचारायच्या.

"छान होतं," ड्रायव्हरसाहेब म्हणायचे आणि घाईने हातपाय धुवायला जायचे.

वहिनींना कोण समाधान वाटायचं. नाहीतर भात बंद झाल्यापासून हा माणूस पानावर रुसून बसायचा. डब्यातला मासा मात्र विनातक्रार जातोय म्हणून त्या दर आठवड्याला आणखी लाल डबे आणायच्या. मी आपला कपाटात मागे सरकत होतो.

मधल्या तपासणीचा रिपोर्ट आला तो दिवस मला आठवतो. ड्रायव्हरसाहेबांनी तो टेबलावर ठेवला आणि चपला न काढताच बसले.

"उतरली थोडी. पण पुरेशी नाही."

"अशी कशी नाही? भात नाही, पाव नाही, चहात साखर नाही..."

"डॉक्टर म्हणाले, कुठूनतरी गोड जातंय."

"कुठून जाणार? बाहेर काही खाता का?"

"नाही गं. देवाशपथ."

ते खरं बोलत होते. बाहेर काहीच खात नव्हते.

त्या संध्याकाळी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ड्रायव्हरसाहेबांची थोरली बहीण. खालच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, आणि जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार. त्यांनी रिपोर्ट डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.

"म्हणजे ह्याने भात सोडला, तू मासळी सोडलीस, आणि साखर काही तुम्हाला सोडत नाही."

"हसू नका हो, वन्सं."

"हसत नाही गं बाई. पण तुझ्या देवाला सांग, एवढं सोडून घेतोस तर काहीतरी धरूनही दे."

वहिनी हसल्या, पण डोळे भरून आले होते. वन्संनी ते पाहिलं आणि उगाचच पडद्याच्या शिवणीला नावं ठेवायला लागल्या. ती त्यांची समजूत काढायची पद्धत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लाल डबा रिकामा केला की धुवून मगच टाकायचा, ही त्यांची शिस्त. त्या दिवशी धुवायचा राहिला. तो ओट्याच्या कडेला तसाच होता.

त्या घरात मुंग्यांची एक रांग होती. बारीक, काळ्या. खिडकीच्या फटीतून निघायची, भिंतीवरून चढायची, साखरेच्या बरणीला प्रदक्षिणा घालायची आणि झाकण घट्ट म्हणून हात हलवत परत जायची. रोजचा क्रम. वहिनींचं त्यांच्याशी वैर नव्हतं. "ह्यांचाही काही नेम असेल," म्हणायच्या.

त्या सकाळी ती रांग अर्ध्या भिंतीपर्यंत गेली, थांबली, आणि वळली. सरळ ओट्यावर आली आणि लाल डब्यात उतरली. पाहता पाहता डब्याची आतली कड काळी झाली.

वहिनी हातात फडकं घेऊन पुढे आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मासळीला मुंग्या येतात, पण त्या तांबड्या, चावऱ्या. ह्या काळ्या तर फक्त गोडाच्या. इतक्या वर्षांच्या स्वयंपाकात ह्या कधी मासळीकडे फिरकल्या नव्हत्या.

त्यांनी मुंग्यांना पुसलं नाही. फडकं ठेवलं, खिडकीतून वाकल्या आणि हाक मारली, "वन्सं, जरा वर या. आत्ता. शिवण तशीच राहू द्या."

वन्सं आल्या त्या तोंडात टाचण्या घेऊनच. वहिनींनी एक नवा लाल डबा उघडून पुढे केला.

"जरा चाखून सांगा. मला नेम आहे."

"म्हणजे मला प्रयोगाचा उंदीर केलंस." वन्संनी टाचण्या काढल्या, बोट बुडवलं, जिभेला लावलं. परत बुडवलं. मग वहिनींकडे बघत म्हणाल्या, "हा मासा आहे की जॅम?"

वहिनी खुर्चीवर बसल्या. गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी डबा उलटा केला. अक्षरं मुंग्यांएवढीच होती. वन्संनी त्यांना खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. वहिनी बोट ठेवून वाचायला लागल्या, पोथी वाचावी तसं, एकेक शब्द.

"तारली. टोमॅटो. पाणी. साखर. मक्याचं पीठ. मीठ."

"पीठ पण?"

"सॉस दाट व्हायला घातलं असेल. आपण नाही का लावत रस्सा पातळ झाला की." त्या थांबल्या. "वन्सं, साखर मिठाच्या आधी लिहिलीय. स्वयंपाक सांगताना आपणसुद्धा जे जास्त ते आधी सांगतो. मिठाहून साखर जास्त, आणि मी ती ह्यांना रोज भरवतेय. हृदय बघून."

"आणि पळणारा माणूस."

"त्याचं नाव काढू नका."

मग त्यांचं लक्ष कपाटाच्या फटीकडे गेलं. दार उघडलं आणि हात आत घातला तो थेट माझ्यापर्यंत. माझ्या पाठीवरून पहिल्यांदाच कोणाचं तरी बोट फिरत होतं.

"तारली. ऑलिव्ह तेल. मीठ." त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "संपलं? एवढंच?"

"कार्ब्जच्या पुढे काय लिहिलंय?"

"शून्य."

दोघी नणंद-भावजया माझ्याकडे बघत राहिल्या. सांगायला संकोच वाटतो, पण माझ्या पत्र्याला घाम फुटला असता तर तो त्याच वेळी.

संध्याकाळी ड्रायव्हरसाहेब आले. टेबलावर लाल डबा, शेजारी मी. वन्सं मुद्दाम थांबलेल्या. ड्रायव्हरसाहेबांनी आम्हा तिघांकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं.

"डब्यातलं गोड होतं का हो?" वहिनींनी विचारलं. आवाज अगदी मऊ.

"कुठलं?"

"हेच. लाल."

"हं."

"हं म्हणजे काय?"

"होतं जरासं."

"वन्सं म्हणाल्या, जॅम आहे."

"ताईला सगळंच गोड लागतं."

"मला?" वन्सं म्हणाल्या. "बोट धुतलं तरी अजून चिकटतंय."

वहिनींनी त्यांना खुणेने थांबवलं. "मग मला सांगितलं का नाहीत?"

ड्रायव्हरसाहेब टेबलाची कड चोळायला लागले. बसमध्ये कितीही गर्दी असो, हा माणूस कधी गोंधळत नसेल. इथे मात्र वाट सापडेना.

"तू माझ्यासाठी मासळी सोडलीस," शेवटी ते म्हणाले. "मला वाढतेस आणि स्वतः काकडी चावत बसतेस. वास आला की तोंड फिरवतेस, ते मला दिसतं. एवढं करून तू जे आणतेस, त्याला मी कोणत्या तोंडाने नाव ठेवू?" जरा थांबून त्यांनी आणखी सांगितलं, "आणि चांगलं लागत होतं."

"हे शेवटचं आधी सांगायचं होतं," वहिनी म्हणाल्या.

वन्सं आधी हसल्या. मग ड्रायव्हरसाहेब. वहिनी हसल्या नाहीत, पण त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि त्या घरात ती माफी असते.

मग म्हणाल्या, "माझा नेम मी मोडणार नाही. पण नेमामुळे माझी जीभ बांधली गेलीय. तेव्हा तिचं काम आता तुमच्या जिभेने करायचं. पहिला घास घेतलात की सांगायचं. गोड, खारट, कडू, जे असेल ते. मला वाईट वाटेल म्हणून काही लपवायचं नाही. हा तुमचा नेम."

"देवापुढे बसून घेऊ?"

"माझ्यापुढेच घ्या. देव ऐकतोच आहे."

त्यांनी तिथेच बसून नेम घेतला. मला तेव्हा वाटलं, एकट्या माणसाचा नेम म्हणजे एका हाताने मोट बांधण्यासारखं आहे. दुसऱ्याने टोक धरलं तरच गाठ बसते.

दुसऱ्या दिवशी माझी कडी ओढली गेली. इतके महिने अंधारात काढल्यावर एकदम समईचा उजेड आत आला. रविवार होता, ड्रायव्हरसाहेब घरीच. वहिनींनी तेल निथळून माझ्या तारल्या त्यांच्या पानात वाढल्या. वर लिंबू पिळलं, मिरपूड घातली, शेजारी काकडीच्या चकत्या. ड्रायव्हरसाहेबांनी घास घेतला. मी रिकाम्या पोटी वाट बघत राहिलो.

"बोला," वहिनी म्हणाल्या.

"खारट आहे."

"आणि?"

"आणि... मासा मासा लागतोय. मऊ आहे. काटासुद्धा दाताखाली विरघळतो." आणखी एक घास. "लाल डब्याची सर नाही."

"ती नसूच दे."

खरं ऐकून कोणाचा चेहरा इतका फुललेला मी पाहिला नव्हता.

जेवणं झाल्यावर वहिनींनी मला धुतलं नाही. मुद्दाम तसंच ओट्यावर ठेवलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या. मुंग्यांची रांग आली. पुढच्या दोघी-तिघी माझ्या कडेवर चढल्या, आत डोकावल्या, मिशा हलवल्या आणि निघाल्या. रांग पुन्हा आपली साखरेच्या बरणीकडे. वहिनींनी देवाला हात जोडले, आणि मला वाटतं, थोडे मुंग्यांनाही.

डब्याचं आयुष्य उघडल्यावर संपतं, असं आमच्यात मानतात. माझं तेव्हा सुरू झालं. वहिनींनी मला गरम पाण्याने, साबणाने धुतलं, पुसलं, आणि पिशवीत घालून दुकानात नेलं, नमुना म्हणून. साडीच्या दुकानात मॅचिंगसाठी ब्लाउजपीस नेतात ना, तसं. ड्रायव्हरसाहेबही बरोबर होते.

एकदा ज्या कप्प्यावरून उठून गेलो त्याच्यासमोर पुन्हा उभं राहणं, तेही बाईच्या हातात मानाने धरलेलं, हे सुख सांगता येत नाही. फडक्यांनी मला ओळखलं असेल.

नवरा-बायकोने एकेक डबा काढून उलटा करायला सुरुवात केली.

"हा ट्यूना. पाण्यातला. ट्यूना, पाणी, मीठ."

"घे."

"हा बांगडा. मोहरीच्या सॉसमधला. तिखट असेल, चालेल तुम्हाला."

"पुढे वाच."

"मोहरी, पाणी, साखर, मैदा. अरे देवा, हा पण त्यातलाच."

"ठेव."

"हा धुरावलेला. ह्यात काय असणार? मासा आणि धूर." ओठ हलले. "गूळ आहे ह्यात."

"धुरात गूळ?"

"आणि हे माशाचे गोळे. मासा कमी, पीठ जास्त. हे तर लाजून आपल्याकडे बघतच नाहीयेत."

दुकानदार काउंटरवरून बराच वेळ बघत होते. "वहिनी, वाचनालय पलीकडच्या गल्लीत आहे."

"तिथे हे मिळत नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही मला हृदय दाखवलंत, आता पाठ मी बघते."

"मी काय केलं? छापणाऱ्याने छापलं."

"तुमच्यावर राग नाही हो. तुमच्या घरी कोणाला साखर आहे का?"

दुकानदार जरा घुटमळले. "आईला आहे."

"मग हे घ्या." वहिनींनी माझ्याच जातीचा एक डबा त्यांच्या हातात ठेवला. "जितकी यादी लहान, तितका डबा बरा. आणि खारट लागला तर तेल निथळून लिंबू पिळा." दुकानदारांनी चष्मा पुसला आणि डबा उलटा केला. पुढच्या खेपेला आम्ही होडीवाले मधल्या कप्प्यावर आलो होतो, असं मी वहिनींच्या तोंडून ऐकलं.

नंतरचे दिवस मजेत गेले. ड्रायव्हरसाहेब नेमाचे पक्के निघाले. इतके, की वहिनींनाच कधीकधी पश्चात्ताप व्हायचा.

"कोबी करपलाय."

"मी फक्त माशाचं विचारलं होतं."

"नेम म्हणजे नेम. अंडंही जास्त उकडलंय."

वन्सं म्हणायच्या, "बघ, खरं बोलायला लावलंस, आता भोग."

शेवटच्या तपासणीच्या दिवशी वहिनींनी समई लवकर लावली. मी तोवर खिडकीत राहायला आलो होतो. ड्रायव्हरसाहेबांनी माझ्या तळाला खिळ्याने भोकं पाडली होती आणि वहिनींनी माती घालून पुदिन्याची काडी खोचली होती. मी खालच्या रस्त्याकडे डोळे लावून बसलो. वहिनी काम करत होत्या, पण एकच पातेलं तीनदा घासून झालं होतं.

दुपारी जिन्यात पावलं वाजली. ड्रायव्हरसाहेब आत आले, चपला काढल्या, त्या नीट जागेवर ठेवल्या. ते बघूनच मला कळलं.

"छत्र्या कोणीतरी दुसरा वाटेल," ते म्हणाले.

वहिनींनी कागद घेतला. आधी समोरून वाचला. मग उलटा करून पाठही बघितली. सवय.

"पाठ कोरी आहे," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या.

त्या दिवशी वाढायचं काम ड्रायव्हरसाहेबांनी केलं. होडीचा एक डबा उघडला, तेल निथळलं, लिंबू पिळलं. माझ्यातली दोन पानं खुडली आणि वर ठेवली. मला जरा दुखलं, पण त्या दुखण्याची मजा वेगळीच होती. वन्संही येऊन बसल्या. वहिनींनी आधी देवाला नमस्कार केला, मग घास उचलला. किती महिन्यांनी. डोळे मिटून चावला. दोघं भाऊ-बहीण जेवण थांबवून बघत होते.

"सांग," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "खरं."

वहिनींनी घास गिळला. "खारट आहे," त्या म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.

आता माझं वय झालं. कोपऱ्यांना गंज चढतोय, कागदावरची होडी उन्हाने फिकट झालीय. एक दिवस ती बिनपाण्याची निघून जाईल. पण पुदिना जोरात आहे. मुंग्यांची रांग अजून माझ्या शेजारून जाते आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

तुम्ही दुकानात जाल, तुमच्याही घरी कोणासाठी काही बंद झालेलं असेल, तेव्हा कप्प्यासमोर क्षणभर थांबा. लाल भावांवर रागवू नका, त्यांनी स्वतःचा कागद निवडलेला नाही. फक्त डबा हातात घेतलात की उलटा करा. आणि ज्याच्यासाठी नेताय त्याला पहिल्या घासाला विचारा, आणि तो जे सांगेल ते ऐकून घ्या.

एवढं बोलून थांबतो, कारण बसची वेळ झाली. वहिनी समई लावून खिडकीत आल्या आहेत. पूर्वी ड्रायव्हरसाहेब कोपऱ्यावर वळताना हॉर्न एकदा वाजवायचे. त्या तपासणीपासून दोनदा वाजवतात, हळूच. पहिला वहिनींसाठी. दुसरा कोणासाठी ते त्यांनी सांगितलेलं नाही. मी आपला माझ्यासाठी धरून चालतो.